हात बसण्यापूर्वी

सुतार चुकला तर फळी वाया जाते, शिंपी चुकला तर कापड. वैद्याचा हात बसेपर्यंत काय वाया जायचे? प्रश्न फार जुना आहे. आणि निरनिराळ्या काळांनी त्याला दिलेली उत्तरे मला वैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत माणुसकीचा भाग वाटतात.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सरावाचा आहे. शास्त्र कितीही ऐकले तरी हाताला सराव नसेल तर शिष्य कामाचा नाही, असे तेथे बजावले आहे. म्हणून छेद घ्यायला शिकायचे ते कोहळा, दुध्या, कलिंगड आणि काकडी यांवर. शीर टोचायची ती मेलेल्या जनावराची किंवा कमळाच्या देठाची. टाके घालायचे ते जाड कापडावर. आणि पट्ट्या बांधायच्या त्या माणसाच्या पुतळ्यावर. आपल्या घरचा कोहळा हा शल्यविद्येचा पहिला रोगीच म्हणायचा!

फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे या सुईणीने कापड व चामडे यांची बाळंतपणाची बाहुली केली आणि १७५९ मध्ये पंधराव्या लुई राजाने तिला गावोगावच्या बायकांना शिकविण्यास धाडले. तरीही दीर्घकाळ जगभर नवशिक्यांचा हात बसला तो बहुधा धर्मार्थ रुग्णालयांतील गरिबांच्या अंगावर. ज्याच्याजवळ फी नव्हती, त्याने ती अशी भरली. हा हिशेब कोठे लिहून ठेवलेला नाही.

१९६० मध्ये नॉर्वेचे खेळणी बनविणारे आस्मुंड लेरडाल यांनी श्वास देण्याच्या सरावासाठी 'ॲन' ही बाहुली आणली. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात 'सिम वन' अवतरला: संगणकावर चालणारा, श्वास घेणारा, पापण्या लवविणारा पुतळा. भूलतज्ज्ञ त्याच्या घशात नळी घालायला शिकत.

आज ही परंपरा आपल्या दारी आली आहे. २०२० च्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य-प्रयोगशाळा सक्तीची केली. पिंपरीत १९९६ पासून डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आता आधी पुतळा भेटतो, मग रोगी. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्याला यात नवल वाटू नये. येथील शिकाऊ उमेदवारही आधी टाकाऊ लोखंडावर कानस चालवितो. महागड्या यंत्रापाशी त्याला लगेच कोणी जाऊ देत नाही. लोखंडाला जी सवलत आपण दिली, ती त्या कामगाराच्या देहाला मिळायला मात्र फार वर्षे लागली.

कोहळा आणि हा पुतळा यांत एक मोठा फरक आहे. कोहळा मुका होता. छातीवर दाब देताना तो पाच सेंटिमीटर खोल गेला का, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने पडला का, हे हल्लीचा पुतळा पडद्यावर लगेच दाखवितो. चूक कळते, आणि कोणाला इजा होत नाही. मात्र पुतळ्याला भीती वाटत नाही, तो शिकणाऱ्याचा हात घट्ट धरीत नाही. ते शिकायला रोग्याच्या खाटेपाशी, जाणत्या गुरूच्या शेजारीच उभे राहावे लागते.

छातीवर दाब देण्याची विद्या मात्र डॉक्टरांपुरती ठेवण्याचे कारण नाही. हृदय थांबते ते पुष्कळदा घरी किंवा कामावर. तेथे जवळ असतो तो मुलगा, सून, नाहीतर शेजारच्या यंत्रावरचा सोबती. सणाला जमलेल्या घरातील दोघा-तिघांनी जरी अशा पुतळ्यावर आपला हात बसवून घेतला, तरी ती या वर्षाची चांगली कमाई ठरेल.