नाकावाटे मेंदूच्या तळाशी: पियुषिका ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास 🧵

१/ डहाणू-तलासरीच्या एखाद्या पाड्यावर कुणाला बाजूने येणारी मोटारसायकल दिसेनाशी झाली, तर पहिला संशय मोतीबिंदूचा येतो. क्वचित मूळ असते कवटीच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीत. तिच्यातील गाठ वर वाढली की दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दाब पडतो आणि कानांकडची नजर आधी जाते.

२/ १८८९ मध्ये लंडनच्या व्हिक्टर हॉर्सली यांनी कवटी उघडून या ग्रंथीवर शस्त्रक्रिया केली. १९०७ मध्ये इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर नाकावाटे तिच्यापर्यंत पोहोचले. रुग्ण सुमारे अडीच महिन्यांनी दगावला, परंतु वाट सापडली होती.

३/ अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी १९१० ते १९२५ या काळात २३१ रुग्णांवर नाकावाटे शस्त्रक्रिया केल्या. मृत्युदर ५.६ टक्के! प्रतिजैविके नव्हती, कॉर्टिसोन नव्हते. तरीही पुढे ते स्वतःच कवटीच्या मार्गाकडे वळले आणि बहुतेक जग त्यांच्यामागे गेले.

४/ त्यांचे शिष्य, एडिंबरोचे नॉर्मन डॉट यांनी मात्र ती वाट सोडली नाही. डॉट यांच्याकडून ती पॅरिसच्या जेरार गियो यांनी आणि गियो यांच्याकडून माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी आत्मसात केली. १९६० च्या दशकात हार्डींनी सूक्ष्मदर्शक वापरला. निरोगी ग्रंथी राखून नेमकी गाठ काढता येऊ लागली. १९९० च्या दशकात एंडोस्कोप आला.

५/ या परंपरेत मुंबईचीही भर आहे. १९२६ मध्ये सुरू झालेल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील अतुल गोयल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ११८ महाकाय गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीने कोणते आवरण ओलांडले आहे, यावरून त्यांनी तिच्या चार श्रेणी ठरवल्या.

६/ शस्त्रक्रियेनंतर नजर किती परतेल, हे नसांवर दाब किती काळ होता यावर बरेच अवलंबून असते. ग्रंथीचे कार्य मंदावले तर स्टेरॉइडची गोळी रोज, कित्येकदा आयुष्यभर घ्यावी लागते. तापात मात्रा वाढवावी लागते. गोळी सुटली तर प्राणावर बेतते.

७/ डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ मध्ये पोहोचली. तलासरीकराला आधी तिथवर यावे लागते. कुशिंग यांच्या ५.६ टक्क्यांत शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यू मोजले आहेत. पाड्यावर परतल्यावर ज्याची गोळी संपते, त्याची नोंद अशा आकड्यात येत नाही. मित्रहो, वैद्यकाचा इतिहास वाचताना ती रिकामी जागाही वाचावी.