'समकक्ष' या शब्दाची कथा

दहावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, "सर, मुलाला आय.टी.आय.ला घालू की डिप्लोमाला? मोठं कुठलं?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु सरकारी नोकरीच्या दारात 'समकक्ष' हा शब्द आडवा येतो आणि त्याने पुष्कळांना कोर्टाची पायरी चढावयास लावली आहे.

१९५० साली केंद्राने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आय.टी.आय. हे तिचेच अपत्य. दाखला देशभर एकाच मोलाचा असावा म्हणून १९५६ साली राष्ट्रीय परिषद नेमली गेली. तीच पुढे एन.सी.व्ही.टी. म्हणून ओळखली गेली. त्याच वर्षी राज्यपुनर्रचना होऊन हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेले. आंध्रात गेलेल्या पदवी नसलेल्या पर्यवेक्षकांना बढतीत पदवीधरांची बरोबरी हवी होती. त्यातून 'मोहम्मद शुजात अली विरुद्ध भारत सरकार' हा खटला उभा राहिला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, समकक्षता हा तांत्रिक प्रश्न आहे. शिक्षणाचा दर्जा व हातचे कौशल्य तोलून तज्ज्ञांनी जे ठरविले, त्यात न्यायालय सहजासहजी हात घालणार नाही. अर्जदार हरले. अठरा वर्षांनी, हे ध्यानात घ्यावे!

पुढचा खटला जम्मू-काश्मीरचा. वीज खात्यातील तंत्रज्ञाच्या जागेसाठी मॅट्रिक व संबंधित व्यवसायाचा आय.टी.आय. अशी अट होती. डिप्लोमाधारक म्हणाले, आमचे शिक्षण वरचे, मग आम्ही अपात्र कसे? ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. डिप्लोमा करताना आय.टी.आय. आपोआप होत नाही आणि जाहिरातीतील पात्रता न्यायालय रुंद करू शकत नाही, असे कारण दिले. मला हा निकाल कठोर वाटतो, पण चूक वाटत नाही. योगायोग असा की, एन.सी.व्ही.टी.ची जागा घेणाऱ्या नव्या परिषदेची अधिसूचनाही त्याच दिवशी निघाली.

निदेशकाच्या जागेचे गणित तर याहून निराळे. आय.टी.आय.च्या दोन निदेशकांपैकी एक पदवी किंवा डिप्लोमावाला आणि दुसरा आय.टी.आय. अथवा शिकाऊ उमेदवारीचा राष्ट्रीय दाखला असलेला असावा, असे राष्ट्रीय निकष सांगतात. अनुभव पदवीधराला एक वर्षाचा, डिप्लोमावाल्याला दोन, आय.टी.आय.वाल्याला तीन. म्हणजे कानस धरलेल्या हाताची जागा येथे राखीवच आहे म्हणा ना! मात्र दोघांनाही निदेशक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, म्हणजे सी.आय.टी.एस., लागते. ते देणारी केंद्र सरकारची संस्था चुनाभट्टीस आहे. वाशीहून हार्बरने तेथे जाता येते. अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो.