परकायाप्रवेश

कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता आळेफाटा सोडून पूर्वेकडे निघाला, की थोड्याच वेळात आणे घाटाची वळणे लागतात. आणि घाट चढून गेले, की आमचे पठार. पाऊस बेताचा, पाण्याची ओढ कायमची. बाहेरच्या माणसाला आणे ठाऊक असते ते रंगदासस्वामींच्या यात्रेमुळे आणि त्या यात्रेतल्या आमटी-भाकरीमुळे. पण घाटाखाली आळे गावात आणखी एक समाधी आहे. ती माणसाची नव्हे, रेड्याची. ज्ञानेश्वरांनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले, तो रेडा पुढच्या वाटेवर येथे पडला, अशी ह्या मुलखाची श्रद्धा आहे. लहानपणी आजोबांचे बोट धरून मी त्या समाधीला गेलो होतो. मी विचारले, "आजोबा, वेद त्या रेड्याला कळले असतील का हो?" आजोबा म्हणाले, "रेड्याचे सोड. आपण दुसऱ्याच गळ्यातून निघतो आहोत, हे वेदांना कळले का, ते विचार!"

ह्या उत्तराचा अर्थ कळायला मला तीस वर्षे लागली, आणि तो कळला एका पतसंस्थेच्या मागच्या खोलीत.

गोष्ट २०११ सालची. ह्या पठारावरच्या एका लहान पतसंस्थेचा सगळा हिशेब एका सर्व्हरवर होता. यंत्र दहा वर्षांचे; त्याच्या तबकड्या जात्यासारख्या घरघरत. सुटे भाग मिळेनासे झालेले, आणि हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिणारा गृहस्थ धंदा बंद करून कधीच निघून गेलेला. प्रोग्रॅम नव्याने लिहवून घ्यावा, तर पैसा नाही. जुन्या यंत्रावर विसंबावे, तर ते आज बसेल की उद्या, ह्याचा भरवसा नाही. मी पुण्यात संगणकाचेच काम करीत असे. व्यवस्थापकांनी निरोप धाडला, "तुम्ही आपल्या गावचे. काही मार्ग काढा."

मार्ग होता. जुन्या यंत्रातले सर्व काही जसेच्या तसे उचलायचे आणि एका नव्या, धडधाकट संगणकाच्या पोटात त्याच्यासाठी भासमान यंत्र उभे करून त्यात ते ठेवायचे. आतल्या प्रोग्रॅमला वाटते, आपण पूर्वीसारखेच एका स्वतंत्र यंत्रावर चाललो आहोत. ही विद्या आजकालची नव्हे. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६४ साली तिचा आरंभ झाला. एका महागड्या संगणकावर अनेक माणसांनी काम करावे आणि प्रत्येकाला आपल्यापुढे सबंध यंत्र आहे असे वाटावे, हा हेतू. सीपी-४० नावाची ती रचना १९६७ मध्ये चालू झाली, आणि १९७२ साली व्हीएम/३७० ह्या नावाने तिचे पुढचे रूप बाजारात आले. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग ह्या दोघांनी तिचे शास्त्र सांगितले. त्यातली पहिली अट अशी, की खऱ्या यंत्रावर प्रोग्रॅम जसा वागतो तसाच तो भासमान यंत्रावर वागला पाहिजे. घरोघरच्या संगणकांची घडण ह्या शास्त्राला सोयीची नव्हती. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने दुसऱ्याच वर्षी त्यातून वाट काढून दाखविली, आणि २००५ पासून प्रोसेसरमध्येच तशी सोय होऊ लागली.

शास्त्र पक्के होते. म्हणून एका शनिवारी दुपारी मी नक्कल करायला लावली आणि चार तास चहा पीत बसलो. रविवारी नवे यंत्र उठविले, तर निळा पडदा! त्यावरच्या आकड्याच्या शेवटी ७बी. अर्थ एवढाच, की ज्या तबकडीवरून उठायचे ती हाती लागत नाही. तबकडी तर समोर होती. पण जुन्या यंत्रात तिच्यावर एक विशिष्ट नियंत्रक होता. नव्यात तो निराळा, आणि त्याच्याशी बोलण्याची भाषा ह्या जिवाला येत नव्हती. भासमान यंत्राची ती तबकडी मी दुसऱ्या यंत्राला जोडली, नव्या नियंत्रकाचा ड्रायव्हर आत ठेवला, उठतानाच तो जागा व्हावा अशी नोंद रजिस्ट्रीत केली, आणि पडदा उजळला.

मग दुसरे विघ्न. नेटवर्कला जुना पत्ता द्यायला गेलो, तर उत्तर आले की तो आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. कार्ड कोठे दिसेना. ते होते जुन्या यंत्रात. इथे त्याची नुसती आठवण उरली होती, आणि ती आठवणच पत्ता अडवून बसली होती. लपलेल्या उपकरणांची यादी उघडून ते भूत काढावे लागले. तिसरे विघ्न कुलपाचे. प्रिंटरच्या खाचेत एक लहानशी डबी बसविलेली असल्यावाचून हिशेबाचा प्रोग्रॅम चालत नसे. ती डबी नव्या संगणकाला लावून त्याची खाच भासमान यंत्राला नेमून द्यावी लागली.

रात्री तेरीज काढली. जमा-नावे पैशापर्यंत जुळले. मी निश्चिंत झोपलो.

सोमवारी सकाळी कारकुनाने यंत्र चालू करताच ते म्हणाले, शनिवारचा दिवस अजून बंद झालेला नाही. त्याने तो शनिवारीच बंद केला होता. "नव्या यंत्राची काही तरी रीत असेल," म्हणून त्याने पुन्हा कळ दाबली. मीही शेजारी उभा होतो. मलाही काही वाटले नाही. तासाभराने एक आजी आल्या. कांद्याचे आठ हजार त्यांनी शनिवारी दुपारी भरले होते. पासबुकात नोंद होती, यंत्रात नव्हती.

"बाबा," त्या म्हणाल्या, "मशीन बदललं म्हणून माझं पैसं बदललं का?"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. मी नक्कल करीत होतो तेव्हा खिडकी उघडी होती. नकलेच्या आरंभीचा हिशेब नव्या यंत्रात आला. त्यानंतर भरलेले पैसे जुन्यातच राहिले. तेरीज जुळली ती खोट्या हिशेबाची नव्हे, अपुऱ्या हिशेबाची. आणि अपुरा हिशेबही आपल्यापुरता बिनचूक असू शकतो! खिडकी बंद करून मग नक्कल करायची, हा ह्या कामातला पहिला धडा. तो मला ठाऊक होता, पण मी पाळला नव्हता.

शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केला, तेव्हा आपला देह गुहेत ठेवून शिष्यांना राखणीला बसविले होते. राजाच्या मंत्र्यांनी प्रेते जाळण्याचा हुकूम सोडला, तरी शिष्य होते म्हणून परतण्याची वाट उरली. आमचे मंत्री म्हणजे भंगारवाला. त्याला मंगळवारी बोलावून ठेवले होते. जुने यंत्र कोपऱ्यात होते. त्याची नेटवर्कची तार काढून, नाही तर एकाच नावाची दोन यंत्रे एकमेकांशी भांडली असती, ते एकदा पुन्हा चालू केले. कारकुनाने जुन्या सवयीने हाताने लिहिलेली रोजकीर्द शेजारी ठेवली. शनिवारच्या अकरा नोंदी निघाल्या. त्या एकेक वाचून नव्यात, शनिवारच्याच तारखेने, घातल्या. आजी बाकावर बसून होत्या. अकरावी नोंद झाल्यावर उठल्या आणि पासबुक पुढे करून म्हणाल्या, "आता यातलं नि त्यातलं एक झालं का, ते दाखवा."

हे स्थलांतर दुसऱ्या रीतीनेही होते. आमच्याच तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: तीस डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या प्रत्येक जोडीचे, म्हणजे ४३५ जोड्यांचे, संकेत एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. ते काम आधी खास त्यासाठी घडविलेली इलेक्ट्रॉनिक मंडले करीत. पुढे तेथील संशोधकांनी तेच काम बाजारात मिळणाऱ्या ४८ लिनक्स संगणकांच्या जुळणीवर, प्रोग्रॅम लिहून, चालत्या वेळीच करून दाखविले. त्यावरचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. तेथे परकायाप्रवेश नाही. त्या मंडलांचे गणित जाणणाऱ्यांनी ते नव्या भाषेत पुन्हा लिहिले. आमच्या पतसंस्थेत ते जाणणारा कोणी उरला नव्हता, म्हणून आम्हांला न समजलेले सबंध उचलावे लागले. ज्ञान हरवले, की आधी नक्कल करावी लागते. आणि नक्कल करताना हरवलेले काय होते ते एकेका विघ्नातून कळते.

आता आजोबांचे उत्तर मला निराळे ऐकू येते. वेदांना गळा कळत नसेल. पण आमच्या हिशेबाला तो कळत होता. तबकडी, कार्ड, डबी, सगळे त्याने न सांगता गृहीत धरले होते. जुने यंत्र आम्ही वर्षभर राखले आणि हिशेबतपासणी उरकल्यावरच भंगारात दिले. रोजकीर्द मात्र दिली नाही.