ओठ, दात आणि सूर

रायपूरच्या आसपासच्या खेड्यांतून लग्नाची वरात निघाली की पुढे वाजणाऱ्या ताफ्याला तिकडे 'गंडवा बाजा' म्हणतात. त्यात निशाण, डफडा, टिमकी अशी चर्मवाद्ये असतात, आणि या सर्वांच्या गजरावर तरंगत राहणारा एकच सूर असतो, तो मोहरीचा. मोहरी हे आपल्या सनईच्या कुळातले वाद्य. लाकडाची, खाली रुंद होत जाणारी नळी, तळाशी धातूचा कर्णा आणि वरच्या टोकाला एकमेकींवर टेकलेल्या दोन पात्यांची पत्ती. विदर्भातल्या खेड्यांत सनई आणि डफडे यांची जी जोडी, तीच छत्तीसगढात मोहरी आणि डफडा यांची. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी १७५८ मध्ये रतनपूरला येऊन राहिला आणि पुढे जवळजवळ शतकभर या प्रदेशाचा कारभार नागपूरशी जोडलेला होता. तेव्हा या दोन मुलुखांची वाजंत्री एकमेकांना अनोळखी राहिली नसतील, असे मानायला हरकत नाही.

मोहरी वाजवणाऱ्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष त्याच्या बोटांकडे आणि फुगलेल्या गालांकडे जाते. परंतु सुराचा खरा कारखाना दृष्टीआड असतो. पत्ती जिथे तोंडात शिरते, तिथे दोन्ही ओठ दातांवरून किंचित आत वळलेले असतात आणि त्या दोन मऊ गाद्यांमध्ये पत्ती धरलेली असते. ओठ सैलावले की सूर उतरतो, आवळले की चढतो, आणि फार आवळले की पत्ती मिटून आवाजच बंद होतो. ओठ ही मांसाची घडी आहे. तिला स्वतःचा कणा नाही. तो कणा तिला मागच्या दातांच्या रांगेकडून मिळतो. म्हणून दात पत्तीला शिवत नसले तरी प्रत्येक सुरामागे दात उभे असतात. दात हलले, पडले किंवा त्यांच्यावर काही चढवले, म्हणजे ओठाची बैठक बदलते आणि बैठक बदलली की सूर बदलतो. फुंकून वाजवायच्या वाद्यांचा इतिहास काही अंशी या बैठकीचाच इतिहास आहे.

आपल्या शास्त्रकारांनी अशा वाद्यांना 'सुषिर' म्हटले. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्र असलेले. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात देवगिरी येथे शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्याच्या वाद्याध्यायात बासरीचा विचार विस्ताराने आला आहे. वेळू कसा असावा, छिद्रे कुठे पाडावीत, एवढे सांगून तो थांबत नाही. फूत्काराचे, म्हणजे फुंकेचे, गुण कोणते आणि दोष कोणते, याचीही तो मोजदाद करतो. याच ग्रंथातील 'मधुकरी' या वाद्यात काही अभ्यासकांना सनईचे पूर्वरूप दिसते. वाद्य जितके महत्त्वाचे तितकेच वाजवणाऱ्याचे मुख महत्त्वाचे, ही जाण आपल्याकडे निदान साडेसातशे वर्षे जुनी आहे.

मुख आणि वाद्य यांचे नाते मात्र सर्वत्र सारखे नाही. वारल्यांचा तारपा किंवा गारुड्याची पुंगी घेतली तर तिथे पत्ती भोपळ्याच्या आत लपलेली असते. वाजवणाऱ्याचे ओठ भोपळ्याच्या तोंडाला नुसते बिलगतात, आणि दात असोत वा नसोत, पत्ती आपल्या चालीने थरथरत राहते. बासरीत पत्ती नसतेच. तिथे खालचा ओठ छिद्राच्या काठाशी टेकतो, दोन ओठांच्या बारीक फटीतून हवेची धार निघते आणि पलीकडच्या काठावर आपटून दुभंगते. त्यातून नाद उपजतो. ही धार केसभर वर-खाली झाली तरी सूर विरतो. सनई व मोहरी यांत दोन्ही ओठ दातांवर दाबले जातात. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांत एकेरी पत्ती असते. तिच्याखाली खालचा ओठ दातांवर घडी घालून येतो, आणि वरचे दात तर प्रत्यक्ष वाद्याच्या तोंडावर टेकतात. ही रीतही उपजत आलेली नाही. क्लॅरिनेटच्या पहिल्या शतकात पत्ती वरच्या ओठाला लावून वाजवण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. एकोणिसाव्या शतकात ती मागे पडली आणि वाद्य उलटे फिरून पत्ती खाली आली. वरच्या दातांवरही ओठाची घडी घेऊन, म्हणजे दात वाद्याला लागू न देता, वाजवणारेही पुष्कळ होते आणि आजही आहेत. तात्पर्य, ओठ कुठे ठेवावेत याचा एकच निर्णय निसर्गाने दिलेला नाही. माणसाने तो वेळोवेळी बदलला आहे.

या इतिहासात १७२८ हे वर्ष विलक्षण योगायोगाचे ठरले. त्या वर्षी पॅरिसमध्ये पिएर फोशार या दंतवैद्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाकडे दात सरळ करण्यासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराची धातूची पट्टी दातांना दोऱ्याने बांधावी, अशी युक्ती त्यात होती. आजच्या तारांची ती पणजी म्हणता येईल. त्याच वर्षी जर्मनीत योहान योआखिम क्वांट्स हा बासरीवादक प्रशियाच्या तरुण युवराजाला शिकवू लागला. हा युवराज म्हणजे पुढे 'महान' म्हणून गाजलेला राजा फ्रेडरिक. १७५२ मध्ये क्वांट्सने बासरीवादनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात वादकाचे दात सारखे असावेत, फार लांब नसावेत आणि ओठ पातळ व मऊ असावेत, अशी अपेक्षा त्याने सांगितली आहे. शिष्याने गुरूची विद्या आयुष्यभर जपली. युद्धांच्या धामधुमीतही फ्रेडरिकची बासरी सुटली नाही. १७७२ मध्ये इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी याने ती पॉट्सडॅम येथे ऐकून वाखाणली. पण त्यानंतरच्या काही वर्षांत राजाचे दात पडले आणि बासरी खाली ठेवावी लागली. ज्याच्या सैन्याला युरोप वचकून होते, त्याला आपल्या हिरड्यांवर हुकमत चालवता आली नाही. फोशारची पट्टी त्या काळी होती. परंतु ती वाकडा दात सरळ करण्यासाठी होती, गेलेला दात परत आणण्यासाठी नव्हे.

फोशारनंतर दीडशे वर्षांत ही युक्ती शास्त्र बनली. अमेरिकेतील एडवर्ड अँगल याने १८९९ मध्ये दातांच्या वाकडेपणाचे वर्गीकरण केले, आणि १९२८ मध्ये, म्हणजे फोशारच्या ग्रंथानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, चौकोनी खाच असलेल्या ब्रॅकेटात तार बसवण्याची आपली पद्धत मांडली. या शास्त्राचे तत्त्व मात्र साधे आहे. दातावर हलका पण अखंड दाब ठेवला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते. दात हाडातून वाट काढत पुढे सरकतो. यात जोरापेक्षा सातत्याचे महत्त्व अधिक आहे. बासरी किंवा क्लॅरिनेट दिवसातून तास-दोन तास तोंडात असते. तार चोवीस तास असते. म्हणून वाजवल्याने दात हमखास वाकडे होतात, हा समज आणि वाजवण्याने तारेचे काम बिघडते, ही भीती, या दोन्ही गोष्टी अतिशयोक्त आहेत. अमेरिकेतील एडवर्ड स्ट्रेयर याने १९३९ मध्ये फुंकून वाजवायच्या वाद्यांचे मुखाशी असलेल्या संबंधावरून चार वर्ग केले: पेल्याच्या आकाराचे तोंड असलेली पितळी वाद्ये, एकेरी पत्तीची, दुहेरी पत्तीची आणि बासरीच्या जातीची. कुठल्या वाद्याचा दाब दातांवर कोणत्या दिशेने पडतो, हे दंतवैद्याने जाणावे, असा त्यामागचा हेतू होता.

आता प्रश्न येतो तो बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा. दातांना तारा बसवण्याचे वय हेच, आणि बासरी वा क्लॅरिनेट हातात घेऊन सूर लावायला शिकण्याचे वयही हेच. रायपूरसारख्या शहरात या दोन वाटा आता एकाच घरात येऊन मिळतात. खैरागढ येथे १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले, १९६३ मध्ये रायपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, २००० मध्ये रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले आणि २००३ मध्ये तेथे शासकीय दंत महाविद्यालय आले. पूर्वी ज्या मुलासमोर केवळ बासरी होती, त्याच्यासमोर आज बासरी आणि तार दोन्ही आहेत, आणि वडीलधारी मंडळी त्याला विचारतात की या दोहोंपैकी कोणती ठेवायची.

वस्तुतः हा प्रश्न चुकीचा मांडलेला आहे. तार बसताच ओठ आणि दात यांच्यामध्ये धातूची एक नवी रांग उभी राहते. बासरीत खालच्या ओठाची उंची बदलते आणि हवेच्या धारेचा कोन चुकतो. पहिले काही दिवस सुराऐवजी नुसती हवा सुसाटते. क्लॅरिनेटमध्ये खालच्या ओठाची घडी ब्रॅकेटवर दाबली जाऊन सोलवटते. सनई-मोहरीत दोन्ही ओठांना तोच जाच होतो. पण या अडचणींवर साधे उपायही आहेत. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर मेणाचा पातळ थर लावावा, एका बैठकीऐवजी दिवसातून चार वेळा थोडा थोडा रियाज करावा, आणि ओठ फार आवळावे लागतात त्या तार सप्तकाला घाई न करता मधल्या सप्तकातील लांब सूर धरावेत. तार घट्ट केल्यावरचे दोन-तीन दिवस सोडून द्यावेत. काही आठवड्यांत ओठ आपली नवी जागा शोधतो. तारा निघाल्यावर त्याला पुन्हा एकदा जागा शोधावी लागते, आणि हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर मुलाला वाटते की आपली विद्याच गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमधील फुजिता यांनी दातांच्या आतल्या बाजूने तार बसवण्याची पद्धत काढली. तिने ओठ मोकळा राहतो, पण जिभेला अडथळा होतो, आणि बासरीत 'तु'कार तर जिभेनेच घ्यावा लागतो. काढता-घालता येणारे पारदर्शक साचेही आता मिळतात. अडचणीची जागा बदलते एवढेच. रियाजाची गरज कुणालाच चुकत नाही.

वादकाने आपली बैठक मोडून पुन्हा घडवणे ही काही अघटित गोष्ट नाही. पंडित हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले, तेव्हा जाणते वादक असूनही त्यांनी बासरी उजवीकडून डावीकडे घेतली आणि हात, बोटे व ओठ यांना नव्याने शिकवले. जे एका वादकाने स्वेच्छेने केले, ते मुलाला तारेमुळे करावे लागते. शिकवणाऱ्याने त्यात साथ दिली, तर ती दोन वर्षे वाया जात नाहीत. ओठ, जीभ आणि श्वास यांपैकी कोणाचे काम कोणते, हे त्या मुलाला इतरांपेक्षा लवकर उमगते.

परंतु रायपूरचा विचार करताना आणखी एक गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. शहरातल्या मुलाचे दात सरळ होत आहेत, तेव्हा खेड्यातल्या मोहरीवाल्याचे दात अकाली सैल होत असतात. छत्तीसगढात तंबाखू आणि गुळाचा गुडाखू दातांना घासण्याची चाल घरोघर आहे. आपल्याकडच्या मिशरीची ती सख्खी बहीण. तंबाखूने हिरड्या खंगतात, हिरड्या खंगल्या की दात हलतात, आणि दात हलले की मोहरीचा ओठ निराधार होतो. त्या वादकाची विद्या कुठल्या पोथीत लिहिलेली नसते. ती त्याच्या ओठांत असते आणि वरातीमागून वराती वाजवत मुलाच्या ओठांत उतरते. ज्या वर्षी त्याचे पुढचे दात जातात, त्या वर्षी शिकवण्याची वेळही बहुधा संपते. तारेमुळे मुलाची बासरी दोन आठवडे अडते. गुडाखूमुळे मोहरी कायमची थांबू शकते.

फ्रेडरिक राजाच्या पदरी बासरीचा उत्तम गुरू होता, पण त्याचे दात वाचवील असे शास्त्र त्या काळी नव्हते. आज ते शास्त्र रायपुरातच शिकवले जाते. ते तारा बसवणाऱ्या मुलापुरते न राहता गंडवा बाजा वाजवणाऱ्यांच्या वस्तीपर्यंत पोहोचले, त्यांना गुडाखू सोडायला आणि हिरड्या जपायला कोणी वेळीच सांगितले, तर पुढच्या वरातींतही निशाणाच्या घणघणाटावर मोहरीचा सूर ऐकू येत राहील.