परसांतील पहिला तोडा आणि ठिपक्यांचा किडा

परसांतील चवळीला पहिलीं फुलें येतात आणि त्याच सुमारास तिच्या कोंवळ्या शेंड्यांवर मावा बसतो, हा अनुभव नवा नाहीं. आठवडाभरांत शेंडे चिकट होतात, मुंग्यांची रांग लागते, आणि महिना-दीड महिना पाणी घातलेल्या गृहस्थास पहिल्या तोड्याची आशा सुटत चाललेली दिसते. मग तो पिचकारी हातीं घेतो. श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें या पिचकारी उचलण्याच्या क्षणाविषयीं.

किडीवर कीड सोडण्याची युक्ति फार जुनी आहे. इ. स. ३०४ मधील मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथांत दक्षिण चीनच्या बाजारांत मुंग्यांचीं घरटीं पिशव्यांत घालून विकीत असल्याचा उल्लेख आहे. त्या मुंग्या संत्र्याच्या झाडांवर सोडावयाच्या. त्या नसल्या तर फळें किडतात, असें ग्रंथकार सांगतो. आपल्या कोंकणांत आंब्याकाजूंवर पानें शिवून घरटीं करणाऱ्या तांबड्या, कडकडून चावणाऱ्या मुंग्या याच कुळींतल्या. आपल्याकडे वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत निराळा उपाय दिला आहे: झाडाचा रोगट भाग शस्त्रानें काढावा, वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, आणि दूध घातलेलें पाणी शिंपावें. हा वैद्याचा मार्ग. चिनी माळ्याचा मार्ग पहारेकऱ्याचा.

पहारेकऱ्याची मोठी परीक्षा झाली ती कॅलिफोर्नियांत. १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतून आलेल्या झाडांबरोबर कापसासारखी पांढरी एक कीड तेथें उतरली आणि वीस वर्षांत तिनें संत्र्यांच्या बागा अशा ग्रासल्या कीं मालक झाडें उपटून जाळूं लागले. अमेरिकन सरकारचे कीटकशास्त्रज्ञ रायली यांचें म्हणणें असें कीं, कीड ऑस्ट्रेलियाची, तर तिचा वैरीही तेथेंच असणार. परंतु सरकारी कीटकशास्त्रज्ञांनीं परदेशीं जाऊं नये असें खर्चाचें बंधन होतें! तेव्हां १८८८ सालीं मेलबोर्नच्या प्रदर्शनाच्या निमित्तानें अल्बर्ट कोबेले यांस धाडण्यांत आलें. दप्तरी कारभाराचा हा नमुना आपल्यालाही अनोळखी नाहीं.

कोबेले यांनीं पाठविलेल्या पहिल्या तीन खेपांत मिळून वेडालिया नांवाचे अवघे १२९ तांबूस-काळे ढालकिडे होते. लॉस एंजेलिस येथें संत्र्याच्या एका झाडावर तंबू ठोकून त्यांत ते सोडले. पुढें तंबूची एक बाजू उघडली, आणि १८८९ च्या जूनपर्यंत दहा हजारांहून अधिक किडे बागवानांना वांटून झाले होते. एका वर्षांत त्या परगण्यांतून बाहेर जाणाऱ्या संत्र्यांच्या वाघिणी ७०० वरून २,००० वर गेल्या.

आतां तंबूच्या आंतले ते पहिले आठवडे डोळ्यांसमोर आणा. झाड पांढरेंफटक, किडे मूठभर, आणि बाहेर मालकाचें कर्ज. वैरी नेहमीं भक्ष्याच्या मागून येतो. भक्ष्य वाढल्यावांचून त्याची वीण वाढत नाहीं. परसांतल्या चवळीवरही हेंच घडतें. मावा आधीं, ढालकिडा मागून. मधल्या त्या दिवसांत आपला धीर सुटतो. बरें, तंबाखूचें पाणी घरगुती म्हणून निरुपद्रवी, असा एक समज आहे. अठराव्या शतकांत फ्रान्समध्येंही माव्यावर तें वापरीत; पण तेंही विषच, आणि मित्र-शत्रू तें ओळखीत नाहीं. साध्या पाण्याच्या धारेनें मावा झाडून टाकणें मला अधिक पसंत आहे.

धीर सुटण्याची किंमत कॅलिफोर्नियानेंच मोजली. डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण १९३९ सालीं पॉल म्यूलर यांनीं शोधिला, १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. महायुद्ध संपतांच हें औषध बागांत आलें. १९४६-४७ च्या सुमारास सॅन वाकीन खोऱ्यांतील संत्र्यांवर तें फवारलें, आणि जवळजवळ साठ वर्षें विस्मृतींत गेलेली पांढरी कीड परत उसळली. औषधानें वेडालिया मेला होता. कीड मेली नव्हती. फवारणी आंवरून तोच किडा पुन्हां बागांत आणावा लागला. आपल्याकडे शेतींतील डी. डी. टी. वर बंदी आली ती १९८९ सालीं.

परसांत मात्र घोटाळा बहुधा ओळखीचा असतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मुलेंही ओळखतात. त्याची अळी कोणी ओळखीत नाहीं. ती लांबट, राखी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिलासारखी दिसते, आणि माव्याच्या गर्दींत वावरते म्हणून तीच नासधूस करते असें समजून बोटानें चिरडली जाते. मींही अशा कित्येक चिरडल्या आहेत. त्या वर्षीं चवळीचा पहिला तोडा ओंजळभरही निघाला नाहीं. पुढल्या वर्षीं पानें उलटून त्या मोजूं लागलों. तोडा आठ दिवस उशिरां आला, पण शेंगा टोपलीत मावेनात.