राष्ट्रीय सेवा योजना आणि ग्रामपंचायत : चिचगड परिसराच्या संदर्भात

विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा इतिहास सक्ती की स्वेच्छा या वादातून घडला आहे. १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सक्तीच्या राष्ट्रीय सेवेची शिफारस केली. परंतु २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना ऐच्छिकच राहिली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि दत्तक गावातील सात दिवसांचे निवासी शिबिर हे तिचे प्रचलित स्वरूप होय.

मात्र ‘दत्तक’ या शब्दाने महाविद्यालय पालक आणि गाव पाल्य ठरते. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात येऊन ग्रामपंचायतीस घटनात्मक दर्जा लाभला. त्यानंतर हे नाते भागीदारीचे होणे क्रमप्राप्त होते.

देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या वनव्याप्त, धानउत्पादक परिसरात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नाल्यावरील वनराई बंधारा शिबिरात एका दिवसात उभा राहतो. पुढील पावसाळ्यात तो वाहून जातो. तो दरवर्षी पुन्हा घालणे गावाच्याच हाती असते. म्हणून शिबिराचे काम व वेळ ग्रामसभेने ठरवावी. स्वेच्छेचे जे तत्त्व विद्यार्थ्यास लागू झाले, तेच गावासही लागू व्हावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.