घरगुती मलवाहिन्यांची देखभाल (जरीपटका, नागपूर)

घरगुती मलवाहिन्यांची देखभाल म्हणजे शौचालय, न्हाणीघर व स्वयंपाकघरातील सांडपाणी सार्वजनिक मलवाहिनीपर्यंत नेणाऱ्या नळ्या, सापळे व चेंबर सुस्थितीत ठेवण्याचे काम होय. उत्तर नागपुरातील जरीपटका या वस्तीत ही जबाबदारी मालमत्ताधारक आणि नागपूर महानगरपालिका यांच्यात विभागलेली आहे. आवारातील खासगी वाहिनी मालकाने, तर रस्त्याखालील सार्वजनिक मलवाहिनी (स्थानिक बोलीत ‘गडर लाइन’) महापालिकेने सांभाळावयाची असते. मात्र मलवाहिनीत किंवा मैलाटाकीत सुरक्षा साधनांविना माणूस उतरवण्यास दोघांनाही कायद्याने मनाई आहे.

पार्श्वभूमी

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली अनेक निर्वासित कुटुंबे जरीपटक्यात स्थायिक झाली. ही वस्ती महापालिकेच्या मंगळवारी झोनमध्ये मोडते. उत्तर नागपूरचे सांडपाणी व पावसाचे पाणी पिली नदीच्या खोऱ्यात उतरते. पिली नदी पुढे नाग नदीला आणि नाग नदी कन्हान नदीला मिळते.

नागपूरची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली व १९५१ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासानेही शहरात अनेक अभिन्यास विकसित केले. त्यामुळे एखाद्या अभिन्यासातील वाहिन्या महापालिकेकडे हस्तांतरित झाल्या आहेत की नाहीत, यावर तक्रार कोणत्या कार्यालयात करावयाची हे ठरते. शहरातील पाणीपुरवठ्याचे दैनंदिन काम २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी पाहते. मलवाहिन्या या कंपनीच्या कक्षेत येत नाहीत.

कायदेशीर तरतुदी

नागपूरला पूर्वी शहरापुरता स्वतंत्र महापालिका कायदा लागू होता. २०१२ पासून येथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. सार्वजनिक मलवाहिन्या बांधणे, त्यांची देखभाल व सफाई करणे हे या अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. खासगी वाहिनी उघडून तपासण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. तपासणीत ती निर्दोष आढळल्यास खर्च महापालिका सोसते. दोष आढळल्यास खर्च मालकावर पडतो आणि दुरुस्तीची नोटीसही त्यालाच दिली जाते.

मालक, भाडेकरू व गृहनिर्माण संस्था

स्वतंत्र घरात संपूर्ण अंतर्गत व्यवस्था मालकाची असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक सांडपाणी वाहिन्या व मैलाटाक्यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते. सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाकडे राहते.

भाड्याची जागा सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ ने घरमालकावर टाकले आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून घेऊ शकतो. हा खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाला वळती होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही.

तुंबलेल्या जागेचा शोध

वाहिनी कोठे तुंबली आहे हे बहुधा आवारातील शेवटच्या चेंबरवरून समजते. घरातील पाणी तुंबलेले असूनही हे चेंबर रिकामे असल्यास अडथळा आवाराच्या आत असतो. चेंबर काठोकाठ भरलेले असून शेजारच्या घरांतही पाणी उलट येत असल्यास दोष सार्वजनिक वाहिनीत असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी झोन कार्यालयाकडे तक्रार नोंदवावी लागते. छतावरील पावसाचे पाणी मलवाहिनीत सोडल्यास तिच्यावर क्षमतेपेक्षा अधिक भार पडतो व पावसाळ्यात चेंबर उफाळतात. म्हणून पावसाळी पाण्याची नाली स्वतंत्र ठेवली जाते.

सफाई कामगारांची सुरक्षा

बंद चेंबरमध्ये व मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढल्यास माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो, आणि वाचवण्यासाठी उतरणाराही अनेकदा दगावतो. हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या नियुक्तीस प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ च्या कलम ७ नुसार मलवाहिनी व मैलाटाकीची धोकादायक सफाई करून घेण्यास मनाई आहे. ही मनाई खासगी व्यक्ती, संस्था व स्थानिक प्राधिकरण या सर्वांना लागू आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मुंबईतील एका खासगी गृहनिर्माण संस्थेत २०१९ मध्ये मैलाटाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश राज्य शासनाला दिले व ही रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मलवाहिनीतील मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाख रुपये केली.